चतुर दहाला उठतो

निवृत्त माणसाने पहाटे उठलंच पाहिजे, असा ठाण्यात एक अलिखित कायदा आहे. तेहेतीस वर्षं मी बँकेची लोकल पकडायला पहाटे उठत होतो, तेव्हा त्याचं कोणाला काही वाटलं नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी आठपर्यंत झोपलो, तर सौ.ने न्यू जर्सीला मुलाला फोन लावून "बाबांचं काही खरं नाही" असं सांगून टाकलं. मुलाने तिकडून गुगल करून तीन आजार सुचवले. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, जीभ बघितली आणि कागदावर "चालणे" एवढा एकच शब्द लिहिला. फी मात्र पूर्ण वाक्याची घेतली.

चालायला सोबत हवी म्हणून सौ.ने मला कॉलनीतल्या पक्षीवाल्यांच्या ताब्यात दिलं. पक्षीवाले म्हणजे सज्जन माणसं, फक्त त्यांच्या घड्याळात बिघाड असतो. पावणेसहाला येऊरच्या फाटकाशी जमायचं, असा त्यांचा दंडक. मी सात-सव्वासातला पोचायचो. तोवर त्यांच्या थर्मासमधला चहा संपलेला असायचा आणि सगळे जण परतीच्या वाटेवर असायचे. मला बघताच प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मयताला आल्यासारखी सहानुभूती उमटायची. "अरेरे! नवरंग नुकताच गेला हो!" नवरंग नुकताच गेलेला, स्वर्गीय नर्तक नुकताच गेलेला, घुबड तर मी यायच्या अर्धाच मिनिट आधी. तीन महिन्यांत मी जे पाहिले ते सगळे 'नुकतेच गेलेले' पक्षी. त्यांची यादी करून दिली तर ग्रुपवर कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

त्या ग्रुपमध्ये प्राणिशास्त्र शिकणारी एक मुलगी होती. एकदा मी धापा टाकत पोचलो तेव्हा तिला माझी दया आली असावी. म्हणाली, "काका, तुम्ही चतुर का बघत नाही? ते दहाच्या आधी उठत नाहीत."

माझ्या आयुष्यात इतकं मोलाचं वाक्य त्याआधी फक्त व्हीआरएसच्या परिपत्रकात वाचलं होतं.

ती खरंच बोलत होती. चतुराला आपल्यासारखी आतून ऊब नसते. ऊन अंगावर चढल्याशिवाय त्याचे उडायचे स्नायू चालू होत नाहीत. सकाळी तो गवताच्या पात्यावर पंख पसरून, उन्हाकडे अंग करून नुसता बसून राहतो. काही मोठे चतुर जागच्या जागी पंख थरथरवून इंजिन गरम करतात, आमच्या वडिलांची लॅम्ब्रेटा करायची तसं. ढग आले की कामकाज बंद. पाऊस आला की सुट्टी. पुन्हा ऊन पडलं की जणू काही झालंच नाही अशा थाटात हजर. या प्राण्याला चतुर हे नाव ज्याने दिलं तो नक्की सरकारी नोकरीत असणार.

दुसऱ्याच दिवशी मी साडेनऊला, भरपेट पोहे खाऊन, उपवनला गेलो.

ज्यांनी उपवन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठाणे हे तलावांचं शहर, आणि त्यातला हा तलाव शहराच्या अगदी काठावरचा. एका बाजूला बाकडी, बागा, रेलिंग, लिंबूपाणी, मक्याची कणसं आणि आमच्यासारखे डॉक्टरांनी हाकललेले लोक. पाण्यापलीकडे एकदम येऊरचा डोंगर उभा राहतो. तिथून जे जंगल सुरू होतं ते थेट बोरिवलीला उतरतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात ते हेच, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. म्हणजे उपवनच्या बाकड्यावर बसलं की पाठीशी टॉवर आणि समोर बिबट्याचं राज्य. मधल्या पाण्याच्या कडेला जे चार हात गवत आणि लव्हाळी उरली आहेत, तिथे चतुरांचा संसार चालतो.

बिबट्यामुळे माझी मोठी पंचाईत झाली. उपवनला दुर्बीण डोळ्याला लावून उभा राहिलेला माणूस बिबट्याच बघत असणार, ही ठाणेकरांची ठाम समजूत आहे. मी लव्हाळ्यातल्या एका काडीवर दुर्बीण रोखली की दोन मिनिटांत मागे पाच माणसं.

"कुठंय?"

"तिकडे. त्या काडीच्या टोकाला."

"काडीच्या टोकाला?"

"हो. चतुर."

मग एक शांतता पसरते. त्या शांततेचा अर्थ मला आता तोंडपाठ आहे. "बिचाऱ्याला घरी कोणी विचारत नसेल," असा तो अर्थ. एका गृहस्थांनी तर जाता जाता माझ्या हातावर शेंगदाण्याची पुडी ठेवली.

दुर्बिणीचीही एक कहाणी आहे. ती मुलाने पाठवलेली. चांगली, महाग, जर्मन. पण ती बनवणाऱ्याच्या डोक्यात गरुड होता, चतुर नव्हता. पाच मीटरच्या आतलं तिला काही दिसत नाही. चतुर बसतो पायाशी. त्यामुळे चतुर सापडला की मला तो नीट दिसावा म्हणून मागे सरकत जावं लागतं. दुर्बीण डोळ्याला लावून, उलट पावली, भर जॉगिंग ट्रॅकवर. पहिल्या महिन्यात मी दोन जॉगर, एक बाबागाडी आणि हास्यक्लबच्या मागच्या अख्ख्या रांगेला धडकलो. हास्यक्लबवाले हसले. पण ते माझ्यामुळे की वेळापत्रकाप्रमाणे, हे काही कळलं नाही.

पहिला धडा असा की सगळेच चतुर चतुर नसतात. नाजूक, काडीसारखी असते ती टाचणी. दोघांतला फरक पुस्तकात डोळ्यांवरून, पंखांच्या बुडावरून वगैरे दिलेला आहे. तो खरा आहे, पण मध्य रेल्वेने प्रवास केलेल्या माणसाला एवढ्या खोलात जायची गरज नाही. नुसतं बसणं बघावं. चतुर बसतो तो चारही पंख दोन्हीकडे सताड पसरून, खिडकीशी बसलेल्या इसमासारखा. शेजारी कोणी आहे याचं भान नाही. टाचणी बसते ती पंख पाठीवर मिटून, चौथ्या सीटवर टेकलेल्या माणसासारखी. अर्धं अंग हवेत, चेहऱ्यावर उपकाराची भावना. आता मला लोकलमध्ये माणसं दिसतच नाहीत. नुसते चतुर आणि टाचण्या दिसतात.

लहानपणी आम्हाला हा भेद माहीत नव्हता. कोकणात, परसातल्या हळदीच्या पानांवर बसलेला कुठलाही चतुर मागून दबकत जाऊन चिमटीत पकडायचा, शेपटीला शिवणाचा दोरा बांधायचा आणि हेलिकॉप्टर म्हणून उडवायचा, एवढंच आमचं कीटकशास्त्र. पंख धरून त्याच्या पायांशी खडा नेला की तो खडा उचलतो, हा त्यातला प्रगत अभ्यासक्रम. जास्तीत जास्त मोठा खडा उचलणारा चतुर ज्याचा, तो त्या दिवसाचा राजा. आता वाचलं की चतुराच्या एकेका डोळ्यात तीस-तीस हजारांपर्यंत भिंगं असतात आणि त्याला जवळजवळ चारही दिशांचं एकदम दिसतं. म्हणजे मी दबकत येतोय हे त्याला पहिल्या पावलापासून दिसत होतं. तरी तो बसून राहायचा. पोरांना कमी लेखणं त्याला भोवलं, आणि मला हल्ली रात्री जाग आली की तो दोरा आठवतो.

चतुरांची नावं हे एक वेगळंच प्रकरण आहे. भारतात चतुर आणि टाचण्या मिळून पाचशेच्या घरात जाती आहेत. त्यांची पहिली भरभक्कम नोंद फ्रेझर नावाच्या लेफ्टनंट कर्नलने केली. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतले त्याचे तीन खंड १९३३ ते १९३६ च्या दरम्यान निघाले. हा मनुष्य मूळचा डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला. पेशंटला "चालणे" लिहून देऊन स्वतः खुर्चीत बसून न राहिलेला हा मला ठाऊक असलेला एकमेव डॉक्टर. पण उपवनच्या काठावर जी बोली चालते ती इंग्रजी नावांची. पक्ष्यांना धोबी, कोतवाल, सुगरण अशी घरगुती नावं आहेत. चतुरांच्या बाबतीत आपण सगळ्यांना मिळून एकच नाव देऊन मोकळे झालो आणि उरलेलं काम साहेबावर टाकलं. त्यामुळे ती मुलगी शुद्ध मराठीत बोलता बोलता मध्येच "काका, डिच ज्वेल!" असं ओरडते आणि मी दचकतो.

डिच ज्वेल म्हणजे गटारातला दागिना. पिवळट नारिंगी अंग, पंखांवर नारिंगी छटा, लांबी जेमतेम दोन पेरं. गढूळ, घाण पाण्याचं त्याला वावडं नाही, उलट अशा पाण्याकाठीच तो गर्दी करतो. शास्त्रीय नावातच 'कंटॅमिनाटा' आहे. फाब्रिशियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७९३ साली हे नाव ठेवलं ते बहुधा पंखांवरच्या डागामुळे, पण मुंबई-ठाण्याच्या नाल्यांचं भविष्य त्याला आधीच दिसलं असावं असं वाटतं. उपवनला सगळ्यात जास्त दिसतो तो हाच. सुरुवातीला मला त्याचं फार कौतुक वाटलं. घरी येऊन सांगितलं, "आज दीडशे दागिने पाहिले." सौ.च्या डोळ्यांत क्षणभर जी चमक आली, ती पाहता मी पुढचं वाक्य बोलायला नको होतं.

नंतर मुलीने समजावलं की डिच ज्वेल जास्त दिसणं ही काही फार अभिमानाची गोष्ट नाही. पाणी कसं आहे त्याचा तो दाखला आहे. तेव्हापासून मी शेजाऱ्यांसमोर आकडा थोडा कमी करून सांगतो.

लाल मिरचीसारखा रडी मार्श स्किमर, जांभळट गुलाबी क्रिमझन मार्श ग्लायडर, पिवळ्या-काळ्या नक्षीच्या पंखांनी फुलपाखरासारखा तरंगणारा पिक्चर विंग, असे बाकीचे मानकरी हळूहळू ओळखीचे झाले. यातला तो गुलाबी, भर बारा वाजता शेपटी थेट सूर्याकडे रोखून काडीवर शीर्षासन करतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, शेजारच्या योगवर्गाचा परिणाम. पण कारण साधं आहे. डोक्यावर ऊन आलं की अंग आडवं ठेवलं तर सगळं भाजतं. टोक सूर्याकडे केलं की ऊन लागायला जागाच उरत नाही. योगवर्गातल्या गुरुजींना हे सांगितलं. त्यांनी ते आसन दुसऱ्या दिवशी शिकवायला घेतलं आणि श्रेय ऋषींना दिलं.

या सगळ्यात एकच इसम असा की ज्याला बघून मला बँकेतले आमचे एक साहेब आठवतात. ग्रीन मार्श हॉक. हिरवट पिवळा, अंगावर काळे पट्टे, कमरेशी बारीक, चेहऱ्यावर कमालीचा सभ्यपणा. एकदा लव्हाळ्यात तो अगदी हातभर अंतरावर बसला. दुर्बीण निरुपयोगी होती म्हणून मी चष्मा पुसून वाकून बघितलं. पायांच्या टोपलीत त्याने काहीतरी धरलं होतं. नीट पाहिलं तर तो नारिंगी दागिना होता, जिवंत. साहेबांनी डोक्यापासून सुरुवात केली. जबडा आडवा चालत होता, शांतपणे, पानाचा विडा चघळल्यासारखा. करकर असा अगदी बारीक आवाज येत होता, निदान मला तरी तसा वाटला. एक पंख गळून पाण्यावर पडला आणि तरंगत राहिला. पाच-सात मिनिटांत सगळं संपलं. साहेबांनी पुढच्या पायांनी तोंड पुसलं, डोळे पुसले आणि पुन्हा तोच सभ्य चेहरा. मागे बाकावर एक महिला मंडळ डबे उघडून बसलं होतं. त्यांतल्या एकीने विचारलं, "काय हो, काय करतोय तो?" मी म्हणालो, "नाश्ता." त्या म्हणाल्या, "अगंबाई, आमच्यासारखाच."

आता जो प्रसंग सांगतो तो आमच्या घरात अजून उघडपणे बोलला जात नाही.

उपवनच्या कडेला बाकं आहेत, त्यांवर जोडपी असतात; त्यात नवीन काही नाही. एका बाकामागच्या लव्हाळ्यात मला पिवळ्या टाचण्यांची जोडी दिसली. टाचण्यांचं मीलन ही बघण्यासारखी गोष्ट आहे. नर शेपटीच्या टोकाच्या चिमट्याने मादीची मान धरतो, मादी आपली शेपटी पुढे वळवून त्याच्या पोटाशी टेकवते, आणि दोघांचा मिळून पत्त्यातल्या बदामासारखा हुबेहूब आकार तयार होतो. असा बदाम काडीवर पंधरा-वीस मिनिटं बसून राहतो. मी दुर्बीण लावली, सवयीप्रमाणे पाच मीटर मागे सरकलो आणि बघत राहिलो. आता दुर्बीण आणि टाचण्या यांच्या मधल्या रेषेत ते बाक येत होतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. बाकावरच्या तरुणाच्या ते आधी ध्यानात आलं.

"काका, काय चाललंय?"

"काही नाही रे, टाचण्या बघतोय."

"टाचण्या?"

"मीलन चाललंय त्यांचं," मी म्हणालो. आयुष्यात काही वाक्यं अशी असतात की ती तोंडातून बाहेर पडताना आपण ती परत ओढायचा प्रयत्न करतो. माणसं जमली. कोणीतरी "वय काय, करतो काय" सुरू केलं. शेवटी त्या मुलाची मैत्रीणच उठली, लव्हाळ्यात डोकावली आणि म्हणाली, "अय्या, खरंच बदाम आहे!" मग मोबाइल निघाले, फोटो झाले, तो मुलगा ओशाळला, मी ओशाळलो. मिटलं असतं तेवढ्यावर. पण माणसाला ज्ञान झालं की ते दिल्याशिवाय राहवत नाही. मी सांगू लागलो, की हा बदाम दिसतो तेवढा प्रेमळ नाही. आधी कोणा दुसऱ्या नराशी मीलन झालं असेल तर त्याचं बीज हा नर खरवडून बाहेर काढतो आणि मग आपलं काम सुरू करतो. १९७९ साली एका अमेरिकन संशोधकाने टाचण्यांच्या बाबतीत हे दाखवून दिलं. आणि नंतर मादीने अंडी घालेपर्यंत तो तिची मान सोडत नाही, ती मन लावून अंडी घालत असताना हा तिच्या मानेवर सरळ उभा राहून पहारा देतो. मैत्रिणीने त्या मुलाकडे बघितलं. "म्हणजे माझा फोन चेक करण्यासारखंच," ती म्हणाली. ते दोघं मला पुन्हा उपवनला दिसले नाहीत. निदान एकत्र.

आमच्या प्राणिशास्त्राच्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "काका, त्या मुलीला पुढचं सांगायचं ना. स्वित्झर्लंडच्या डोंगरात एक चतुर आहे. त्याची मादी, नको असलेला नर मागे लागला की हवेतून धाडकन खाली पडते आणि मेल्याचं सोंग घेऊन उताणी पडून राहते. नर गेला की उठून उडून जाते. २०१७ साली शोधनिबंध आलाय." सौ. शेजारीच उभी होती. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. त्या रविवारी माझ्या आतेभावाचं कुटुंब जेवायला येणार होतं, तेव्हा तिचं डोकं अचानक दुखायला लागलं.

ऑक्टोबर उजाडला आणि उपवनवर भटके आले. ग्लोब स्किमर किंवा वॉन्डरिंग ग्लायडर म्हणतात ते. सोनेरी पिवळे, बसणं माहीत नसलेले. पावसाळ्याच्या शेवटी मैदानावर, गच्चीवर, ट्रॅफिक सिग्नलवर जे शेकडो चतुर डोक्याच्या उंचीवर नुसते घिरट्या घालत असतात, ते हे. मला वाटायचं, रिकामटेकडे आहेत. मग त्यांचा हिशेब कळला आणि मी खाली बसलो. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं बघितलं, की दर ऑक्टोबरात तिथे अचानक चतुरांचे थवे येतात. त्या बेटांवर गोड्या पाण्याची डबकी-तळी जवळजवळ नाहीतच, म्हणजे तिथे ते जन्मलेले नाहीत. मग येतात कुठून? २००९ साली त्याने मांडलं, की ते भारतातून येतात आणि समुद्रावरून पुढे थेट पूर्व आफ्रिकेला जातात, पाठीवर वारा घेऊन. तिकडच्या पावसात अंडी, पिल्लं, पुढची पिढी. आणि मग तीच वाट उलटी. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर. वजन एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. ना व्हिसा, ना बॅगेचं वजन.

पण मला खाली बसवलं ते वेगळ्याच गोष्टीने. ही फेरी एक चतुर पूर्ण करत नाही. तिला चार पिढ्या लागतात. जो इथून उडतो तो परत येत नाही. आली तर त्याची नातवंडं-पतवंडं येतात.

हे मी सौ.ला घरी येऊन सांगितलं. ती भाजी निवडत होती. "त्यात नवीन काय आहे?" ती म्हणाली आणि न्यू जर्सीत आत्ता किती वाजले असतील ते घड्याळात बघितलं.

आता राहिला ग्रॅनाइट घोस्ट. दगडाच्या रंगाचा, करड्या-काळ्या ठिपक्यांचा हा चतुर खडकावर बसला की दिसत नाही, म्हणून नाव भूत. माझ्या यादीत तो नव्हता. महिनाभर मी उपवनचा एकेक धोंडा दुर्बिणीने तपासला, येऊरच्या ओढ्यापर्यंत जाऊन आलो, गुडघा सुजवून घेतला. शेवटी तो सापडला आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर, 'येथे वाहने उभी करू नयेत' या पाटीपासून वीतभर अंतरावर. वॉचमन म्हणाला, "हा तर रोज बसतो. तुम्ही उपवनला गेलात की येतो."

खडकांच्या या चतुराने सिमेंट हाही खडकच मानला आहे आणि टाक्या, हौद यांनाच तो तळी समजतो. ठाण्यात त्याला घराची टंचाई पडायचं कारण नाही. आमच्या गच्चीवर वापरात नसलेली एक जुनी टाकी आहे, पावसाचं पाणी साचलेली. डासांची तपासणी करणारे लोक येऊन गेले आणि टाकीत 'काळे किडे' निघाले, म्हणून सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. पेस्ट कंट्रोलचं कोटेशनही तयार होतं. मी म्हणालो, थांबा. वॉचमनने एका वाटीत तो किडा आणून टेबलावर ठेवला. मळकट, सहा पायांचा, चेहरा नसलेला. ते चतुराचं पिल्लू. मी त्यात डासाची एक अळी सोडली. काही क्षण काहीच नाही. अळी वळवळत जवळ आली आणि पिल्लाच्या हनुवटीखालून घडी केलेला हातासारखा जबडा फाटकन बाहेर आला, अळी घेतली आणि पुन्हा घडी होऊन तोंडावर मास्कसारखा बसला. डोळ्याचं पातं लवायच्या आत. सभा गप्प. अध्यक्षांनी पुढे वाकून "पुन्हा दाखवा" म्हटलं. मी सात अळ्या दाखवल्या.

इथेच थांबलो असतो तर ठराव एकमताने झाला असता. पण खजिनदारांनी विचारलं, हा पाण्यात श्वास कसा घेतो? मी खरं ते सांगितलं. चतुराचं पिल्लू पार्श्वभागाने श्वास घेतं. तिथून पाणी आत ओढतं, बाहेर सोडतं. घाई असेल तेव्हा तेच पाणी जोरात सोडून जेटसारखं पुढे सुसाटतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठून गेल्या. सेक्रेटरी म्हणाले, "आपल्या पिण्याच्या टाकीपासून ही टाकी किती फुटांवर आहे?" टाकी पुढच्या रविवारी रिकामी करायची, असं ठरलं. इतिवृत्तात माझं नाव 'सदर प्राण्यांचे हितचिंतक' असं आलं.

मी दोन पिल्लं वाचवली. काचेच्या लोणच्याच्या बरणीत टाकीचंच पाणी, तळाला वाळू आणि वर चढायला खराट्याच्या चार काड्या, असा संसार बाल्कनीत मांडला. एक पिल्लू दोन दिवसांत दुसऱ्याने खाल्लं. उरलेलं हळूहळू खाणं बंद करून काडीला धरून पाण्याच्या वर डोकं काढून बसू लागलं. मुलगी म्हणाली, आता आजउद्या कात टाकेल. रात्री उशिरा किंवा पहाटेच हे होतं म्हणे, उजेड पडून पक्षी जागे व्हायच्या आत. मी जागायचं ठरवलं. खुर्ची लावली, शाल घेतली, टॉर्च घेतला. पावणेदोनपर्यंत मी जागा होतो, याला माझा स्वतःचा पुरावा आहे.

जाग आली तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. बरणीतल्या एका काडीला करड्या रंगाचं रिकामं टरफल घट्ट धरून बसलेलं होतं. सहा पाय, डोळ्यांचे दोन पारदर्शक खळगे, सगळं जागच्या जागी. पाठीवर उभी चीर आणि त्या चिरेतून चार पांढरे बारीक दोरे बाहेर लोंबत होते. ते श्वासनळ्यांचं अस्तर असतं. सौ. शेजारी चहाचा कप घेऊन उभी होती. ती नेहमीप्रमाणे पाचला उठली होती. तिने सगळं पाहिलं होतं: चीर पडताना, वाकडा होऊन तो बाहेर येताना, चुरगळलेले पंख इस्त्री केल्यासारखे उलगडताना.

"उठवलं का नाहीस?"

"गाढ झोपला होतात," ती म्हणाली. "आणि आत्ता विचाराल तर, नुकताच गेला."

ती कात आता शोकेसमध्ये मुलाच्या पदवीदानाच्या फोटोशेजारी आहे. पक्षीवाल्यांनी सौ.ला ग्रुपमध्ये घेतलं आहे. मी अजून उपवनलाच असतो, दहा ते एक, ऊन असेल तर. या. फक्त दुर्बीण बाकांच्या दिशेने धरू नका.